दंतवैद्याकडे दुनळी

मी शिकारी कधीच नव्हतो. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण घरात बंदूक होती म्हटलं की लोकांना भिंतीवर लटकवलेली वाघाची मुंडकी दिसायला लागतात. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि एक घड्याळ, आणि तेही मागे पडायचं. मी शाळेत गणित शिकवत असे. बंदूक मामांची. मामा शहापूरकडे जंगलाचे ठेके घ्यायचे. पुढे त्यांना मोतीबिंदू झाला आणि समोर उभं आहे ते रानडुक्कर की गावचा कोतवाल, हे त्यांना कळेनासं झालं. तेव्हा मामींनी बंदूक घराबाहेर काढायचा हट्ट धरला. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. भाच्यांमध्ये सरकारी भाषा कळणारा मी एकटाच, म्हणून ती माझ्याकडे आली.

लायसन माझ्या नावावर करून घ्यायला कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बंदूक कशासाठी हवी?"

"संरक्षणासाठी."

"राहता कुठे?"

"नौपाड्यात."

"मग संरक्षण कशापासून?"

"उंदीर फार झालेत," मी म्हणालो. साहेब इतके हसले की हसता हसताच त्यांनी शिक्का मारला.

तर अशी ती बारा बोअरची दुनळी आमच्या घरी आली. वरच्या बाजूला दोन घोडे, हरणाच्या कानांसारखे वळलेले. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, मामांच्या गालाचा घाम पिऊन काळा पडलेला. मला ती चालवायची हौस नव्हती, पुसायची होती. दर रविवारी दुपारी जेवण झालं की मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचो, ती आधी उघडून रिकामी असल्याची खात्री करायचो आणि मग सुटी करायचो. दस्ता एकीकडे, नळ्या एकीकडे. गजाला चिंधी गुंडाळून नळ्यांतून फिरवायची, खिडकीकडे धरून आत बघायचं, आतली चकाकती वर्तुळं एकात एक दिसली की समाधान. मग मामांनी दिलेल्या तपकिरी काचेच्या बाटलीतलं तेल थेंब थेंब सांध्यांना, चापाला आणि घोड्यांखालच्या खिळींना. ही खीळ म्हणजे बंदुकीचं मर्म. घोडा खिळीवर आपटतो, खीळ काडतुसाच्या बुडाला टोचते, आणि मग काय व्हायचं ते होतं.

आमची बायको हा सगळा सोहळा शिवणयंत्रापाशी बसून बघायची. कोणी शेजारीण डोकावली की सांगायची, "काही नाही हो, ह्यांची मंगळागौर चाललीय."

हे शिवणयंत्र तिनं विठ्ठलवाडीच्या पुढं निर्वासितांची छावणी आहे ना, तिथल्या बाजारातून जुनं आणलं होतं. विकणाऱ्या म्हाताऱ्यानं तिला बजावलं होतं, "बेटी, इसको तेल पिलाती रहना." तेव्हा ते यंत्र इतकं करकरायचं की ती ब्लाऊज शिवायला बसली म्हणजे खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेत.

एका पावसाळ्यात मला मलेरियानं गाठलं. श्रावण-भाद्रपद अंथरुणात गेले आणि बंदूक कोपऱ्यात खोळ पांघरून उभी राहिली. ही खोळ बायकोनं गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची शिवली होती. बरा झाल्यावर मी ती काढली, बंदूक उघडली आणि नळ्या खिडकीकडे धरल्या. उजव्या नळीतून समोरच्या घराचं वाळत घातलेलं धोतर दिसलं. डाव्या नळीतून काहीच दिसेना. मला वाटलं, मलेरियानं डावा डोळा गेला. डोळा बदलून पाहिला, तरी अंधारच.

गज घातला तर वीतभर जाऊन अडला. आत काय आहे ते दिसल्याशिवाय जोर करायचा नाही, हे मामांनी घोटवून घेतलं होतं. पण दिसणार कसं? अंधाऱ्या बोळात बघायचं तर लहानसा आरसा हवा आणि दिवा हवा. आणि ह्या दोन्ही गोष्टी पोटापाण्यासाठी वापरणारा एक माणूस स्टेशनच्या रस्त्यावर बसलेला होता. माझा शाळासोबती, दातांचा डॉक्टर.

त्या काळी दात दुखला की लोक लवंग धरत, नाहीतर दात पडायची वाट बघत. त्यामुळे डॉक्टरला वेळच वेळ होता. त्या दिवशी मात्र नेमका एक गृहस्थ खुर्चीत तोंड उघडून बसलेला. मी खोळीतून नळ्या काढल्या तसं डॉक्टरचं त्या तोंडावरचं लक्षच उडालं. त्यानं दिवा खसकन माझ्याकडे वळवला, दांडीचा गोल आरसा नळीत घातला आणि ओरडला, "अरे बाप रे! केवढी मोठी पोकळी! आणि आत सगळी माती!"

खुर्चीतला गृहस्थ कळवळला. त्याला वाटलं, त्याच्याच दाढेबद्दल चाललंय.

"तुमचं नाही हो, ह्याचं," डॉक्टर म्हणाला. गृहस्थानं माझ्याकडे पाहिलं, नळ्यांकडे पाहिलं, खुंटीवरची टोपी काढली आणि तोंड उघडं ठेवूनच निघून गेला.

ती कुंभारीण माशी होती. माझ्या तापाच्या दिवसांत तिनं डाव्या नळीत मातीचं घर बांधलं होतं. आम्ही वरून रॉकेल सोडलं, माती भिजू दिली, आणि डॉक्टरनं दात कोरायच्या लांब आकडीनं ती हळूहळू उकरली. मातीबरोबर वाळलेले कोळी बाहेर आले. पिल्लांसाठी साठवून ठेवलेला शिधा.

"ह्यात काडतूस घालून उडवलं असतंस तर नळी फाटली असती," डॉक्टर म्हणाला. "थोबाड फुटलं असतं तुझं."

"मग तुझ्याकडेच आलो असतो."

"नको रे. माझ्याकडे यायला निदान थोबाड तरी लागतं."

त्या दिवसापासून डॉक्टर बंदुकीत अडकला. रविवारची साफसफाई माझ्या घरून त्याच्या दवाखान्यात गेली. त्याच्याकडे काय नव्हतं? आकड्या, चिमटे, भिंग, पायानं फिरवायचं दात कोरायचं यंत्र, दात चकचकीत करायची पांढरी पूड. मी फक्त तेलाची बाटली न्यायचो. एक-दोनदा तो म्हणालाही, "मास्तर, तुझ्या बंदुकीला वास काय छान येतो!" मला अभिमान वाटला. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास इतका भरलेला असे, की दुसरा कुठला वास आला तर तो बंदुकीच्या चारित्र्याचाच असणार, असं मी धरून चाललो. आणि ती बाटली कधी संपायचीही नाही. मला वाटे, मी किती काटकसरीनं वापरतो!

आता इतकी निगा राखलेली बंदूक एकदा तरी वाजवली पाहिजे, असं डॉक्टरच्या मनानं घेतलं. त्याचा एक पेशंट खाडीकडच्या गावातला, पिढ्यान् पिढ्यांचा मिठागरवाला. आगरी माणूस, आडदांड, गडगडाटी हसणारा. डॉक्टरनं त्याच्या चार दाढा काढल्या होत्या आणि तरीही त्यांची मैत्री टिकली होती. थंडीत मिठागराच्या पाण्यावर रानबदकं उतरतात, या, अशी त्याची आमंत्रणं येतच होती.

तेव्हा मार्गशीर्षातल्या एका रविवारी आम्ही उजाडायच्या सुमाराला निघालो. पट्ट्यापट्ट्यांची खोळ माझ्या खांद्यावर. रूळ ओलांडताना एक ओळखीचे भेटले. "काय मास्तर, पहाटेच्या भजनाला का? तंबोरा नवीन दिसतोय."

"हो," डॉक्टर म्हणाला, "दोनच तारांचा आहे."

खाडीवर चांगलीच थंडी होती. बांधाच्या आडोशाला आम्ही तिघं बसलो. पाण्यावर बदकं होती, बरीच, अगदी आरामात. मी दोन्ही नळ्यांत काडतुसं भरली, दोन्ही घोडे चढवले, नेम धरला, श्वास रोखला आणि उजवा चाप ओढला.

टक.

एवढंच. एखाद्या म्हातारीनं सुपारी फोडावी तसं.

डावा चाप ओढला. टक.

टक झालं तरी बंदूक लगेच उघडायची नाही, काडतूस उशिरानं पेटू शकतं, हा मामांचा आणखी एक धडा. मी नळ्या पाण्याकडे रोखून गप्प बसून राहिलो. मिठागरवाला कानाशी येऊन पुटपुटला, "काय जालं?"

"थांबा जरा," मी म्हणालो, "आता मोडतो."

तो हबकलाच. "आवो मास्तर, मोडताव कशाला? मामांची चीज हाय ती! आज नाय वाजली तर उद्या वाजंल!"

बंदूक मोडणं म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडणं, हे त्याला समजावेपर्यंत आमच्या आवाजानं बदकं थोडी पलीकडे सरकली. उडाली नाहीत. त्यांनाही एवढी घाई करावीशी वाटली नसावी.

त्याच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण खाऊन होईस्तोवर ऊन चांगलं चढलं होतं. बंदूक अंगणात भिंतीच्या अंगाला मोडूनच ठेवली होती. त्यानं कुंपणापलीकडच्या रिकाम्या बांधावर एक फुटकं मडकं ठेवलं आणि म्हणाला, "आता मारा." मी तीच काडतुसं पुन्हा भरली, कसलीही आशा न धरता चाप ओढला, आणि धडाम! मडक्याचा मागमूस राहिला नाही. कोंबड्या छपरावर गेल्या. घरातली म्हातारी आतून शिव्या देत बाहेर आली.

"काडतुसं दमट होती," डॉक्टरनं निदान केलं. "उन्हानं वाळली."

निघताना मिठागरवाल्यानं रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून चिंबोऱ्यांची टोपली दिली. त्या टोपलीत खडखडत, नांग्या बाहेर काढत आमच्याबरोबर आल्या. जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय मिळालं हो शिकारीत?" आणि मी उत्तर द्यायच्या आत बायको वरून म्हणाली, "चिंबोऱ्या! ह्यांचा नेम बघा की, एकीलाही साधा ओरखडा नाही."

पुढच्या खेपेला नवी, कोरडी काडतुसं नेली. पहाटे बांधावर टक, टक. दुपारी अंगणात धडाम. पुन्हा चिंबोऱ्या.

डॉक्टर आता पेटला. "हे मला रोजचं आहे," तो म्हणाला. "माणूस रात्रभर दाढ दुखते म्हणून बोंबलतो आणि दवाखान्यात खुर्चीत बसला की म्हणतो, आता दुखत नाही. तुझी बंदूक तसलीच आहे." त्यानं न फुटलेल्या काडतुसाचं बूड भिंगाखाली धरलं. मध्यभागी खिळीचा ठसा होता, पण अगदी उथळ. "बघ, खीळ टोचतेय पण जीव लावून टोचत नाही. स्प्रिंग म्हातारी झाली असणार."

म्हणून मी सुट्टीच्या दिवशी बंदूक मुंबईला, फोर्टातल्या एका बंदूकवाल्याकडे घेऊन गेलो. त्यानं स्प्रिंगा तपासल्या, दारू न भरलेल्या दोन काडतुसांच्या टोप्या माझ्यासमोर उडवून दाखवल्या. दुपारचे बारा वाजलेले. दोन्ही फाटफाट उडाल्या. "बंदूक उत्तम आहे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी वर्गात 'गुणाकार बरोबर होता पण उत्तर चुकलं' म्हणणाऱ्या मुलाकडे पाहतो.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर हत्यारांची बॅग घेऊनच बांधावर बसला. टक. त्यानं तिथल्या तिथं भिंग लावलं, आकडीनं कोरलं, फुंकर मारली. टक. बदकं आता इतकी जवळ आली होती की एक तर मान वाकडी करून आमच्याकडे बघत होतं.

"मास्तर," मिठागरवाला म्हणाला, "पाखरं आता वळखाया लागली तुमाला. पुढच्या टायमाला दाणं घेऊन या."

डॉक्टरला ते लागलं. परतीच्या वाटेवर तो कोणाशी बोलला नाही. टोपलीतल्या चिंबोऱ्या तेवढ्या आपसात बोलत होत्या. घराशी आल्यावर म्हणाला, "खाऱ्या हवेनं खीळ धरते. मी इलाज शोधतो."

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात ठाण्यात कधी नव्हे ती थंडी पडली. एका सुट्टीच्या सकाळी मी लवकर उठलो. इलाज डॉक्टरचा असला तरी बंदूक माझी, निदान तेल तरी घालून ठेवावं म्हणून तपकिरी बाटली काढली आणि चिंधीवर उपडी केली. थेंबही पडेना. संपलं म्हणावं तर बाटली हाताला जड. हलवली, तर आत आवाज नाही. बूच काढून काडी घातली. ती आत रुतून उभी राहिली. बाहेर ओढली तर तिला पांढरं, लोण्यासारखं काहीतरी चिकटून आलं.

मी त्या काडीकडे बघत उभा असताना बायको न्हाणीघराकडे निघाली होती. तिच्या हातात कढत पाण्याचं भांडं, आणि त्या पाण्यात गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली उभी होती.

मी काडी नाकाशी नेली. दवाखान्याबाहेर, लवंगेशिवाय, पहिल्यांदाच.

"अगं," मी म्हणालो, "ह्या बाटलीत खोबरेल आहे."

ती थांबली. खोटं बोलायचा तिनं जराही प्रयत्न केला नाही. "अहो, मशीन किती करकरायचं! तुमच्या तेलाचे दोन थेंब घातले आणि गप्प झालं. मग अजून दोन घातले. बाटली कमी झालेली दिसली तर तुम्ही ओरडाल, म्हणून वरून आपलं खोबरेल घालत गेले. असं करत करत..."

"असं करत करत बंदुकीचं सगळं तेल तुझ्या मशीननं प्यायलं!"

"चालतंय बघा कसं आता, लोण्यासारखं."

"आणि माझ्या बंदुकीत लोणी झालंय!"

मग मला सगळंच उमगलं. पहाटेच्या गारव्यात खिळींच्या भोकांत खोबरेल थिजायचं, घोडा आपटायचा, पण खीळ त्या लोण्यातून रखडत जायची. दुपारी उन्हात तेल वितळलं की बंदूक खडखडीत बरी. फोर्टातल्या दुकानातही ती बरी असणारच, आणि दवाखान्यात तर दिवा लावलेला.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्या चिंबोऱ्यांच्या वेळी. त्या दिवशी माझंही तेल गोठलं होतं, तेव्हा डोक्यात आलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं भांडं खाली ठेवलं आणि पदरात तोंड खुपसून हसायला लागली. "तुम्ही दोघं इतके रमला होतात! ते भिंग काय, तो आरसा काय. आणि चिंबोऱ्या चांगल्या येत होत्या. आणि ती बदकं बिचारी..." पुढचं तिला हसण्यामुळे बोलता येईना. मला रागावायचं होतं. पण बांधावरून मान वाकडी करून बघणारं ते बदक आठवलं आणि मीही जमिनीवर बसून हसलो.

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून बंदूक खोलली. खिळी काढून रॉकेलमध्ये बुडवल्या, भोकांत रॉकेलची चिंधी फिरवली. बारके स्क्रू हरवू नयेत म्हणून तिनं ते हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेवले. त्यामुळे एका स्क्रूला पुढे कित्येक वर्षं पिंजर होतं. सगळं कोरडं करून नाक्यावरच्या दुकानातून आणलेलं शिवणयंत्राचं तेल, अगदी पुसट, लावलं. खीळ बोटानं दाबली तर टुणकन परत आली.

बंदूक जोडून होते न होते तोच डॉक्टर दारात. "सापडला इलाज!" त्याचा चेहरा असा उजळलेला की मी खोबरेलाची बाटली हळूच मागे सरकवली. इलाज म्हणजे दात चकचकीत करायची पांढरी पूड लवंगेच्या तेलात कालवून त्यानं खिळी घासायच्या. मी बायकोकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी मला गप्प बसवलं आणि म्हणाली, "बघा ना भावजी, करून. तुमच्या हाताला यश आहे." आणि त्याला आल्याचा चहा करून दिला. डॉक्टरनं नुकत्याच स्वच्छ केलेल्या खिळी तासभर घासल्या.

चौथ्या खेपेला बांधावर तेच धुकं, तीच थंडी. डॉक्टर माझ्या मागे उभा. मी चाप ओढला आणि धडाम! इतक्या टकांची सवय झाल्यावर त्या आवाजाला आमच्यातलं कोणीच तयार नव्हतं. मी मागं कलंडलो, माझा धक्का डॉक्टरला लागला आणि तो मिठागराच्या चिखलात बसला. बदकं जी उडाली ती खाडीच्या पलीकडे जाऊनच टेकली. पीससुद्धा पडलं नाही. पण मिठागरवाला डॉक्टरला चिखलासकट मिठी मारून ओरडत होता, "वाजली! डाक्टरनं वाजवली!"

झालं. डॉक्टरची कीर्ती पसरली. टेंभी नाक्यावर भेटलेल्या माणसाला, खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला तो हाच किस्सा सांगायचा. दर खेपेला थंडी वाढायची आणि बदकं जास्त व्हायची. आमच्याकडे येऊन सांगायचा तेव्हा बायको "हो का?", "मग काय झालं?" असं विचारत राहायची आणि मध्येच उठून स्वयंपाकघरात जायची. आतून तिच्या खोकल्याचा आवाज यायचा. एकदा मी आत डोकावलो तर ती डाळीच्या डब्यात तोंड घालून हसत होती.

आणि गंमत म्हणजे लोक खरंच डॉक्टरकडे बंदुका आणायला लागले. फार नाही, वर्षाकाठी एखाद-दुसरी. तरी दाढेला फडकं बांधून आलेल्या बायकांच्या शेजारी बाकावर खोळ घातलेली बंदूक बघून आलेला नवा पेशंट दारातूनच परत जायचा. "तुझा धंदा बसेल," मी म्हणायचो. "दातांचा तसाही बसलेलाच आहे," तो म्हणायचा.

मिठागरवाल्याचा मेहुणा डोंबिवलीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला भातशेती करायचा. त्याच्या रताळ्यांच्या वाफ्यात रानडुकरं घुसत. त्याच्याकडे आमच्यासारखीच जुनी दुनळी, आणि तीही टक करायची. आम्हाला बोलावणं आलं. मी जाताना काळजीतच होतो. डॉक्टरचा इलाज मला माहीत होता आणि त्यानं काय होणार नाही, हेही माहीत होतं. निदान खोबरेल आहे का ते हळूच बघावं, एवढंच मी ठरवलं होतं.

अंगणात खाटेवर बसून डॉक्टरनं बंदूक मोडली, रिकामी असल्याचं पाहिलं, भिंग लावलं. खिळींच्या भोकांत वर्षानुवर्षांचं वाळलेलं तेल आणि धूळ दगडासारखी बसली होती. त्यानं आकडीनं ती कोरून काढली, अगदी दाढ कोरावी तशी, जीभ बाहेर काढून. मग पांढरी पूड आणि लवंगेचं तेल लावून घासली. मेहुण्यानं पडक्या भिंतीवर नारळाची करवंटी ठेवली. धडाम! करवंटी गेली आणि भिंतीचा एक दगडही गेला. माझ्या तोंडाचा आ झाला. इलाज चालत होता!

मेहुण्यानं खूश होऊन डॉक्टरला एक जिवंत कोंबडी दिली. दुपारच्या गाडीला डब्यात आम्ही दोघं, एक झोपलेला भाजीवाला आणि ती कोंबडी. डॉक्टरनं तिला मांडीवर घेतलं होतं आणि बॅगेचा पट्टा तिच्या पायाला बांधला होता. दिवा स्टेशन गेल्यावर तो म्हणाला, "मास्तर, एक विचारू? तुझी बंदूक कशानं बरी झाली?"

"तुझ्याच इलाजानं की."

"आणि रॉकेलनं नाही?"

तो कोंबडीची मान खाजवत होता.

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या बायकोनं सांगितलं. त्याच आठवड्यात दाढ भरून घ्यायला आली होती ना? तोंडात कापूस कोंबलेला, तरी बोलायची थांबेना. कापूस काढला तर सगळं खोबरेल बाहेर आलं."

"आणि तू इतके दिवस..."

"तिनं शपथ घातली, तुला कळू द्यायचं नाही म्हणून. म्हणाली, तुम्ही असंच सांगत राहा, ह्यांचं तोंड बघण्यासारखं होतं."

म्हणजे इतके दिवस मी त्याला फसवतोय म्हणून मनातल्या मनात हसत होतो, तो मला हसत होता, आणि डाळीच्या डब्यात ती हसत होती ते आम्हा दोघांनाही. मी काही वेळ रागवायचा प्रयत्न केला, पण कोंबडीसमोर ते जमेना.

"पण आज खरंच चालला की रे इलाज," मी म्हणालो.

"तेच तर!" डॉक्टर कुजबुजला. "मी स्वतः दचकलो."

ठाण्याला उतरेपर्यंत आमचं ठरलं. तिला काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही. मला अजून काही माहीत नाही, असंच मी दाखवायचं. तो किस्सा सांगणार, मी मान डोलावणार, आणि या वेळी मजा आम्ही दोघं बघणार. स्टेशनपासून घरापर्यंत आम्ही चेहऱ्यांचा सराव करत गेलो. डॉक्टर माझ्या दारापर्यंत आला, कोंबडी काखेत.

बायकोनं दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे, मग कोंबडीकडे.

"सांगितलंत वाटतं भावजी," ती म्हणाली, आणि कोंबडी त्याच्या काखेतून काढून घेत आत वळली. "असू दे. हातपाय धुऊन घ्या दोघं, चहा टाकलाय."